कुणी शिवलं नव्हतं

तुमचा गुडघा आम्हाला अभ्यासात धरता येणार नाही, असं डॉक्टर इंगवले फोनवर म्हणाले, तेव्हा क्रांती होवाळ हेडक्लार्कच्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्या काखेत शिक्षकांच्या बदल्यांची फाईल होती. तिनं विचारलं, फॉर्ममध्ये काही राहिलंय का, सही वगैरे. डॉक्टर म्हणाले, फॉर्म ठीक आहे, पण एकदा येऊन फिल्म बघून जा. घाबरण्यासारखं काही नाही. फोन ठेवल्यावर सांगली जिल्हा परिषदेतली ती लांबट खोली, पंख्याखाली फडफडणारे कागद, पलीकडच्या टेबलावर चाललेलं कुणाच्या तरी मुलीच्या सोयरिकीचं बोलणं, सगळं जिथल्या तिथं होतं. पण डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तिच्या आत कुठं तरी जाऊन बसलं. घाबरण्यासारखं काही नाही. तेवीस वर्षांपूर्वी हेच तिला एका माणसानं सांगितलं होतं, वेगळ्या आवाजात, आणि ते खरं मानून तिनं एक सबंध आयुष्य बाजूला ठेवून दिलं होतं. आपल्या टेबलाकडं जाताना पायरी आली, तेव्हा तिनं नेहमीप्रमाणं डावा पाय आधी टाकला. आपण तो आधी टाकतो, हे चाळीस वर्षांच्या त्या बाईला आज पहिल्यांदाच दिसलं.

त्या अभ्यासाची माहिती ऑफिसात सगळ्यांनाच होती. महिन्यापूर्वी मिरज रस्त्यावरच्या तपासणी केंद्रातले हे डॉक्टर स्वतः येऊन गेले होते. इस्लामपूरकडचे, तिशीचे, बोलताना चष्मा वर सरकवणारे. त्यांचं म्हणणं असं की, गुडघ्यात हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध असतात, लिगामेंट. ते किती जाड असावेत, किती लांब असावेत याची पुस्तकातली मापं बहुतेक परदेशातल्या माणसांची आहेत. त्यांना आपल्याकडच्या धडधाकट माणसांचे गुडघे एमआरआयवर बघायचे होते, पुरुषांचे आणि बायकांचे, विशीपासून साठीपर्यंत, म्हणजे वयानं काय बदलतं आणि बाईच्या गुडघ्यात काय वेगळं असतं ते मोजता येईल. सुई नाही, कापाकापी नाही, नुसतं निजून राहायचं. तरी बायकांतून कुणी नाव देईना. क्रांतीनं दिलं. का दिलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपल्या पायात कुणाला तरी रस आहे, एवढंच बहुधा. फॉर्मवर दहा प्रश्न होते. सातवा होता, गुडघ्याला पूर्वी कधी इजा झाली आहे का? तिनं आपल्या वळणदार ऑफिसी अक्षरात 'नाही' असं लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. ती खोटं लिहीत नव्हती. तिला तेच सांगण्यात आलं होतं.

यंत्रात घातलं त्या दिवशी उजवा गुडघा एका पोकळ साच्यात अडकवून पट्ट्यांनी बांधला होता. अजिबात हलवायचा नाही, अर्धा तास, असं तिथला माणूस बजावून गेला. मग आवाज सुरू झाला. दारावर कुणी लाकडानं ठोकत राहावं तसा, मध्येच थांबणारा, मध्येच लय बदलणारा. ती डोळे मिटून पडली, आणि पाय बांधलेला असताना, हलायची बंदी असताना, ती पळायला लागली. कडेगावच्या शाळेच्या मैदानावर, पहाटेच्या गार मातीत, दोन खांबांच्या मधल्या आठ पाठींच्या रांगेतून. एक पाठ पूर्वेला तोंड करून बसलेली, एक पश्चिमेला. मागून पावलं येतात, हात लांब होतो, आणि बोटं पाठीला टेकणार तेवढ्यात ती वळते. बोटं पोचायच्या आधी पाठीवर जी हवा लागायची, ती हवा. तिला ती आत्ता लागली, त्या बंद नळीत. गेली तेवीस वर्षं ती हवा तिला कुठंही लागायची. एस.टी. स्टँडवर लोक बाकांवर ओळीनं बसलेले दिसले की, तिचं अंग आपोआप त्यांच्यामधून वाट काढायचं. लग्नात पंगती बसल्या की तीच गत. नवरा सोपान, मुलगी प्रियंका, कुणालाही हे माहीत नव्हतं. सांगायचं काय? खो-खो सोडून तेवीस वर्षं झालेल्या बाईला पंगतीतून पळावंसं वाटतं, हे सांगण्यासारखं होतं का?

फोननंतर ती केंद्रात गेली तेव्हा डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर दोन फिल्मा लावल्या. डावीकडची तिच्याच वयाच्या दुसऱ्या एका बाईची. मांडीचं हाड खालपर्यंत आलेलं, नडगीचं हाड वर उभं, आणि त्या दोघांच्या मध्ये, तिरकी, मागून पुढं उतरत आलेली एक काळी पट्टी. हा समोरचा बंध, डॉक्टर म्हणाले. नडगीचं हाड पुढं सरकू नये, पाय फिरताना गुडघा निसटू नये, हे याचं काम. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक उजवीकडच्या फिल्मवर नेलं. तिथं काळी पट्टी नव्हती. एक करडी, धुरकट पोकळी होती आणि खालच्या बाजूला एक बारकं थोटूक, शेजारच्या दुसऱ्या बंधाला चिकटून राहिलेलं.

"हा तुमचा," ते म्हणाले. "बंध नाही यात. फार पूर्वी तुटलाय. कधी पडला होतात?"

"पडले होते," क्रांती म्हणाली. "पण लागलं नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि ते तिच्याकडं बघत राहिले. तिनं मग सांगितलं, मॅट्रिकच्या वर्षी, साताऱ्याला, खो-खो खेळताना. कुणाचा धक्का लागला होता का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. वळले आणि पडले. डॉक्टरांनी मान हलवली, म्हणाले, हा बंध असाच तुटतो पुष्कळदा, कुणी न शिवता. पाय रोवून एकदम वळलं की. आणि पोरींचा जास्त. बायकांच्या गुडघ्यात हा बंध बारीक असतो, अंगकाठीचा हिशेब धरला तरीही, आणि तो जातो ती खाचही अरुंद. माझी मापं अजून पुरी व्हायची आहेत, पण आत्तापर्यंत तसंच दिसतंय. मग त्यांनी तुटताना आवाज आला होता का, असं विचारलं. आला होता. वाळलेली काटकी मोडावी तसा. तो आवाज तिला तेवीस वर्षं आठवत होता आणि तो आपल्या मनाचा आहे, असं ती समजत होती.

तिनं एकच प्रश्न विचारला. भीतीनं असं होतं का, म्हणजे माणूस मनातून भ्यालेला असला तर गुडघा असा निसटतो का. हे विचारताना आपला आवाज शाळकरी मुलीसारखा झालाय, हे तिला कळलं. डॉक्टर हसले नाहीत.

"भीतीनं लिगामेंट तुटत नाही, ताई," ते म्हणाले. "तुटल्यावर मात्र भीती वाटते. वाटायलाच हवी. गुडघा खरंच निसटत असतो."

खालच्या रस्त्यावर येऊन ती फिल्मचा मोठा लिफाफा छातीशी धरून उभी राहिली. मिरजेकडं जाणारे टेम्पो, द्राक्षांचे खोके लादलेल्या गाड्या, सायकलीवरची पोरं. रिक्षा थांबली, तिनं हातानंच नको म्हटलं. तिला साताऱ्याचं ते मैदान दिसत होतं. जानेवारी महिना, पंच्याहत्तर साल, अजिंक्यताऱ्यावर ऊन नुकतं चढलेलं, आणि ती सतरा वर्षांची. विभागाच्या संघाची निवड होती. कडेगावच्या शाळेतून दोघीच पोरी आल्या होत्या, ती आणि हरणा मोहिते, आणि बरोबर खेळाचे मास्तर, नानासो सर. सर मूळचे औंधचे, फौजेत नऊ वर्षं काढून, पासष्टची लढाई बघून शाळेत लागलेले. त्या दिवशी पळतीत ती अडीच मिनिटं नाबाद होती. कऱ्हाडची एक उंच पोरगी मागं लागली होती. क्रांतीनं खांबापाशी डावीकडं हूल दिली, उजवा पाय रोवला, आणि वळली. तो आवाज आला. आभाळ उलटं झालं. ती मातीत पडलेली, आणि कऱ्हाडची पोरगी पाच हातांवर थबकून उभी, मग पुढं येऊन तिनं दोन बोटं क्रांतीच्या खांद्याला लावली, जशी एखाद्या निजलेल्या माणसाला लावतात. शिट्टी वाजली. बाद.

सगळ्यांनी बघितलं होतं की, तिच्याजवळ कुणी नव्हतं. तेच तर झालं. धक्का लागला असता, पाय अडकला असता, रक्त आलं असतं, तर काही तरी सांगता आलं असतं. गुडघा टम्म सुजला तेव्हा साताऱ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, पट्टी गुंडाळली, आणि सरांना बाहेर ओट्यावर नेऊन बराच वेळ बोलले. बाकावर बसून तिला दारातून सरांची पाठ तेवढी दिसत होती. आत आल्यावर सर म्हणाले, मुका मार हाय, घाबरण्यासारखं काय न्हाई. तीन आठवड्यांत सूज उतरली. ती कडेगावच्या मैदानावर परत आली. सरळ पळताना सगळं पहिल्यासारखं होतं. वळायला गेली की, गुडघ्यात काही तरी जागेवरून सरकायचं आणि पाय आपला नाही, असं वाटायचं, एका क्षणापुरतं. त्या क्षणात ती पडायची. दुसऱ्या वेळी ती वळायच्या आधीच हळू झाली. तिसऱ्या वेळी तर वळलीच नाही, खांब धरून उभी राहिली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. सगळ्या पोरी बसल्या होत्या तिथंच, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडं.

"तुझ्या पायात काय न्हाई, क्रांती," सर म्हणाले. "मनात भ्या बसलंय. भ्यालेला गडी मला नको."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर ती भांडली असती. तिच्या आईनं, साळूबाईनं, शाळेच्या हेडमास्तरांशीसुद्धा भांडण काढलं असतं. पण सरांचा शब्द घरात वेगळा होता. दोन वर्षांपूर्वी सर स्वतः बौद्धवाड्यात आले होते. खाटेवर बसले होते. साळूबाईनं भीत भीत चहा पुढं केला तेव्हा त्यांनी कपबशी घेतली, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्याले, काही विशेष चाललेलं नसल्यासारखे. मोठ्या जातीचा माणूस त्यांच्या घरात चहा पिण्याची ती पहिली वेळ. वडील रेल्वेत गँगमन, महिन्यातून एकदा घरी यायचे. त्यांना ते पत्रानं कळवलं होतं. सर म्हणाले होते, ही पोरगी माझ्यावर सोडा, मी हिला कॅप्टन करतो. आणि केलीही. तो चहा प्यालेला माणूस म्हणतो की, तुझ्यात भ्या आहे, तर ते असलंच पाहिजे. आईही तेच म्हणाली, "सर म्हणत्यात तर तसंच आसंल बाई." पुढच्या आठवड्यात विभागाच्या संघात हरणा गेली. क्रांतीनं मॅट्रिकचा अभ्यास धरला, पास झाली, टायपिंग केलं, नोकरीला लागली. सगळे म्हणायचे, पोरीनं चांगलं केलं. खरंच केलं होतं. फक्त आपण भित्र्या आहोत ही गोष्ट ती, डबा बरोबर न्यावा तशी, जिथं जाईल तिथं बरोबर नेत राहिली. वरच्या परीक्षेला बसायचं होतं, बसली नाही. बदलीला हरकत घ्यायची होती, घेतली नाही. आपल्यात ते आहे, सरांनी बघितलं होतं.

संध्याकाळी तिनं सोपानला फिल्म दाखवली. तो माध्यमिक शाळेत गणित शिकवायचा, शांत माणूस. त्यानं ती खिडकीच्या उजेडाला धरून नीट बघितली, ऑपरेशन करायचं का विचारलं. ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात या वयात नको, मांडीचे व्यायाम करा. मग बरंच झालं की, असं तो म्हणाला. थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, एवढी तेवीस वर्षं काही अडलं नाही ना. तिला त्याचा राग आला नाही. त्याला कुठून माहीत असणार? तो तिला भेटला तेव्हा ती नीट, जपून चालणारी मुलगी होती, आणि त्याला तेच आवडलं होतं.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. तिनं विट्याची एस.टी. धरली. विट्याला बदलून पुढं. नानासो सर गेल्या वर्षी निवृत्त होऊन औंधला राहायला गेलेत, हे तिला हरणाच्या भावाकडून कधी तरी कळलं होतं, आणि तेव्हा तिनं ऐकून सोडून दिलं होतं. गाडी कडेगावच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. ती उतरली नाही. खिडकीतून शाळेच्या बाजूची झाडं दिसत होती, त्यांच्या पलीकडं मैदान. उसाची एक बैलगाडी वाट अडवून उभी होती आणि ड्रायव्हर खाली उतरून गाडीवानाशी बोलत होता. ती सरांना काय म्हणायचं ते जुळवत होती. एक वाक्य हवं होतं तिला. सरांनी नुसतं म्हणावं, तू भ्याली नव्हतीस. दुसरं काही नको. ते ऐकायची तहान तिला एवढी लागली होती की, तोंड खरोखरच कोरडं पडलं, आणि बाटलीतलं पाणी पिऊनही ते तसंच राहिलं. मध्येच वाटलं, आपण या वयात, केसात पांढरं आलेलं असताना, एका मास्तराच्या एका वाक्यासाठी तीन तास गाडीत बसतो, हे काय आहे? पण उतरावं असं वाटलं नाही. पुसेसावळी गेली. यमाईचा डोंगर दिसायला लागला.

घर डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्या आणि पुढं अंगण. सर अंगणात खुर्चीवर बसून घेवडा सोलत होते. केस पांढरे, अंग तसंच ताठ. तिनं फाटक उघडलं, अंगणाच्या दोन पायऱ्या उतरली, आणि नमस्कार करायच्या आधीच ते म्हणाले, "क्रांती न्हवं तू?" मग म्हणाले, "उजवा पाय टाकायला भितीस अजून." ती जागीच थांबली. तेवीस वर्षांनंतर पहिलं वाक्य हे. सरांनाही ते बोलून झाल्यावर काही तरी वाटलं असावं. ते उठले, दुसरी खुर्ची आणली, आत हाक मारली. त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या, कुठल्या गावच्या विचारलं. सरांनीच सांगितलं, कडेगावची, माझी कॅप्टन हुती. हुती, असं ते म्हणाले.

तिनं लिफाफ्यातून फिल्म काढली. जुळवलेलं काहीच आठवेना, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तसंच सांगत गेली. सर उभे राहिले, फिल्म दोन्ही हातांनी उन्हाकडं धरली. ती बोटानं दाखवत होती, इथं पट्टी असते, माझ्यात न्हाई. ही साताऱ्यालाच तुटली, त्याच दिवशी. गावाकडची बोली तिच्या तोंडात कधी आली ते तिला कळलं नाही. सरांचे फिल्म धरलेले हात हळूहळू खाली आले. ते खुर्चीवर बसले आणि फिल्म मांडीवर पालथी ठेवली, जसा एखाद्याचा फोटो ठेवावा. आक्काताई चहा घेऊन आल्या, दोघांकडं बघितलं आणि कप ठेवून आत गेल्या.

"मला म्हाईत हुतं," सर म्हणाले.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"समदं न्हाई. पर साताऱ्याच्या त्या डॉक्टरनं मला भाईर नेऊन सांगितलं हुतं. म्हनला, आतलं काय तरी तुटल्यालं दिसतंया, पोरीला मिरजंला हाडाच्या डॉक्टरला दावा. उशीर करू नका म्हनला."

मग ते थांबत थांबत सांगत गेले, तिच्याकडं न बघता, सोललेल्या घेवड्याच्या ताटाकडं बघत. तिच्या घरी ते चहा प्यायले तेव्हापासून गावात कुजबुज होती. तिला कॅप्टन केलं तेव्हा शाळा समितीतल्या दोघांनी बोलावून घेतलं होतं, इतक्या पोरी असताना हीच का म्हणून. सर तेव्हा पस्तिशीचे, बायको औंधला, ते एकटे कडेगावात खोली करून. लोक आणखीही काही बोलायला लागले होते, मास्तर आणि त्या पोरीबद्दल. अशात तिला घेऊन मिरजेला जायचं, तिथं दोन-चार दिवस राहायचं, रजेचा अर्ज समितीपुढं ठेवायचा. साताऱ्याहून परत येताना गाडीत त्यांनी ठरवलं की, सूज उतरली तर बघू. सूज उतरली. आणि ती पडायला लागली तेव्हा त्यांना कळत होतं, ती का पडते ते.

"मग तसं का म्हणालात, सर?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तसं म्हनलं की समदं मिटत हुतं. तुझ्या पायात काय न्हाई म्हनलं की, मिरजंला जायचं काम न्हाई, अर्ज न्हाई, कोन काय बोलायचं न्हाई. हरणी गेली संघात, समिती खूश झाली."

"हरणाचा पाय मोडला असता तर?"

"नेलं असतं," सर म्हणाले. "तिच्या बापासंगं."

"माझी आई आली असती."

"व्हय," ते म्हणाले. "मी तिला इचारलंच न्हाई."

डोंगरावरून उतरणाऱ्या माणसांचं बोलणं वाऱ्यावर ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. क्रांती खुर्चीच्या कडेला धरून बसली होती. तिला त्या क्षणी साळूबाई आठवत होती, सहा वर्षांपूर्वी गेलेली, मरेपर्यंत कुणालाही सांगायची, आमच्या घरात नानासो सर च्या प्यालं हुतं. आई मिरजेपर्यंत चालत आली असती. लेकीला पाठीवर घेऊन आली असती. तिला कुणी विचारलंच नाही. आणि इतकी वर्षं आपण भीती म्हणून जे सांभाळत होतो, ती आपली नव्हतीच. एका माणसानं ती नको म्हणून आपल्याकडं देऊन टाकली होती आणि आपण ती नीट घडी घालून ठेवली. तिला ओरडावंसं वाटलं. उठून जावंसं वाटलं. काहीच केलं नाही. समोरचा माणूस तिला फार म्हातारा दिसत होता, आणि तरी त्याच्याकडूनच काही तरी हवं होतं, ते अजून मिळालं नव्हतं, आणि ते मागायची लाजही वाटत होती.

ते मागावं लागलं नाही. सर म्हणाले, "भ्या तुझ्यात न्हवतं. माझ्यात हुतं. गोळ्या चालत हुत्या तवा भ्यालो न्हाई मी, आन कडेगावात चार माणसांना भ्यालो." मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगायला पायजे हुतं. दोनदा आलो हुतो वाड्याच्या तोंडापतुर. परत गेलो."

तर हे ते वाक्य. ते ऐकून मोकळं मोकळं वाटेल, असं तिला गाडीत वाटलं होतं. वाटलं नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, आपोआप, रडल्यासारखं नाही. पदरानं ते पुसून तिनं गार झालेला चहा प्यायला. सर विचारत होते की, तेव्हा मिरजेला नेलं असतं तर बरा झाला असता का पाय. तिनं हाच प्रश्न डॉक्टर इंगवल्यांना विचारला होता. ते म्हणाले होते, पंच्याहत्तर साली बहुधा प्लास्टर घातलं असतं आणि खेळ सोडायला सांगितला असता. त्या काळी याचं ऑपरेशन करणारे इकडं क्वचितच. म्हणजे खेळ गेलाच असता. पण जाताना तो पायातून गेला असता. तिच्यातून गेला नसता. हे सरांना सांगून त्यांचा भार हलका करता आला असता. ते वाट बघत होते, ते तिला दिसत होतं. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "ते आता कुणाला ठाऊक, सर." एवढं तिनं स्वतःसाठी ठेवलं, आणि त्याबद्दल तिला वाईट वाटलं नाही.

ऊन अंगणातून भिंतीवर सरकलं. आक्काताई आतून जेवूनच जा म्हणाल्या. सरांनी फिल्म तिच्या हातात दिली, दोन्ही हातांनी. तिनं ती लिफाफ्यात घातली आणि उठली. पायऱ्यांपर्यंत ते बरोबर आले. तिथं उभं राहून त्यांनी विचारलं, मैदानावर विचारायचे तसं थेट, पण डोळे खाली घालून.

"आजून पळावंसं वाटतं का गं?"

तेवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, सोपाननं नाही, तिनं स्वतःलाही नाही.

"रोज," क्रांती म्हणाली.